विजेनें वाट शोधणारे मासे



ज्ञानेंद्रियें पांच, हें आपण लहानपणींच पाठ केलेलें असतें. डोळा, कान, नाक, जीभ आणि त्वचा या पांच दारांतून जें आंत येतें तेंच आपलें जग. रोजच्या व्यवहाराला ही गणना पुरते. आणि आपल्याला पुरते म्हणून ती साऱ्या प्राणिसृष्टीलाही पुरत असली पाहिजे, असें आपण न कळत धरून चालतों. परंतु आफ्रिकेंतल्या व दक्षिण अमेरिकेंतल्या गढूळ नद्यांत असे कांहीं मासे आहेत कीं, त्यांच्या देहाला याखेरीज आणखी एक दार आहे. ते आपल्याभोंवतीं विजेचें एक मंद वलय पसरतात, आणि त्या वलयांत कोणती वस्तु आली, ती किती दूर आहे, हें काळोख्या रात्रींही ओळखतात. ही गोष्ट उजेडांत येऊं लागली ती १९५१ सालीं. म्हणजे माणसानें हे मासे जाळ्यांत धरून, भिंतींवर कोरून, देवळांत पूजून आणि शेवटीं सुरीनें चिरून पाहिल्याला कित्येक शतकें लोटल्यावर. एवढा उशीर कां झाला, हें सांगणें हाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

प्रारंभ ईजिप्तपासून करूं. सक्कारा येथें टी नांवाच्या एका अधिकाऱ्याची कबर आहे. ती सुमारें चार हजार चारशें वर्षांपूर्वींची. तिच्या भिंतींवर नाईल नदींतील मासे इतक्या बारकाईनें कोरले आहेत कीं, त्यांच्या जाती आजही ओळखतां येतात. त्यांत झटका देणारा मिशाळ मासा आहे. त्याचा झटका साडेतीनशें व्होल्टपर्यंत जातो, तेव्हां कोळ्यांना तो ठाऊक नसता तरच नवल! पण त्याच नदींत मॉर्मिरस नांवाचा दुसरा एक मासा होता. त्याचें मुस्कट लांब व खालीं वांकलेलें. ग्रीक लोकांनीं त्याला 'ऑक्सिरिंकस', म्हणजे तीक्ष्ण नाकाचा, असें नांव दिलें, आणि तो जेथें पूज्य मानीत त्या नगरालाही तेंच नांव पडलें. तेथें या माशाच्या कांशाच्या मूर्ति देवाला वाहत. प्लुटार्क या ग्रीक ग्रंथकारानें एक मौजेची हकीकत लिहून ठेविली आहे. शेजारच्या 'श्वाननगर' नांवाच्या गांवचे लोक हा मासा खातात हें पाहून ऑक्सिरिंकसच्या लोकांनीं त्यांचीं पूज्य कुत्रीं धरून बळी दिलीं व खाल्लीं. प्रकरण लढाईवर गेलें, आणि शेवटीं रोमन सरकारला दोन्ही गांवांना शिक्षा करावी लागली. ज्या माशासाठीं माणसें अशीं हातघाईवर आलीं, त्याच्या अंगीं वीज खेळत होती, हें मात्र त्यांच्यापैकीं कोणालाही ठाऊक नव्हतें. कारण ती वीज हाताला लागत नाहीं.

येथेंच या कथेंतील खरी अडचण आहे. वीज म्हणजे झटका, अशी समजूत फार काळ होती. रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस यानें इ. स. ४७ च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथांत डोकेदुखीवर समुद्रांतील जिवंत टॉर्पेडो मासा कपाळावर ठेवावा, आणि संधिवातावर त्याच मासळीवर पाय बधिर होईपर्यंत उभें राहावें, असा उपचार सांगितला आहे. हा झटका कशाचा, हें मात्र अठराव्या शतकापर्यंत उलगडलें नाहीं. १७७२ सालीं जॉन वॉल्श हा इंग्रज गृहस्थ फ्रान्समधील ला रोशेल बंदरीं गेला. तेथें त्यानें टॉर्पेडोचा झटका माणसांच्या सांखळींतून पुढें जातो हें दाखविलें, आणि तो विजेचाच आहे असें प्रतिपादिलें. १८०० सालीं व्होल्टा यानें धातूच्या चकत्या एकावर एक रचून आपली प्रसिद्ध विद्युत्-राशि तयार केली. आजच्या बॅटरीची ती आद्य जननी. तिचें वर्णन करतांना त्यानें तिला 'कृत्रिम विद्युत्-इंद्रिय' म्हटलें, कारण माशाच्या अंगांतही अशाच चकत्यांच्या उतरंडी असतात. त्याच वर्षीं हुम्बोल्ट हा जर्मन प्रवासी व्हेनेझुएलांतील कालाबोसो गांवाजवळ होता. वीजबाम धरण्यासाठीं लोकांनीं घोडे व खेंचरें तळ्यांत हांकलीं, आणि त्या बामांच्या झटक्यांनीं तीं जनावरें कशीं विव्हळ झालीं, हें त्यानें डोळ्यांनीं पाहिलें. पुढें १८३८ सालीं फॅरडेनें लंडनमध्यें जिवंत वीजबामावर प्रयोग करून तिच्याभोंवतीं पाण्यांत प्रवाह कसा पसरतो हें तपासलें. तात्पर्य, ज्या माशांनीं माणसाला फटका दिला त्यांना शास्त्रांत मानाचें पान मिळालें.

ज्यांनीं दिला नाहीं त्यांचें काय झालें? एकोणिसाव्या शतकांत शरीरशास्त्रज्ञांनीं मॉर्मिरस व त्याचा नातलग जिम्नार्कस यांच्या शेपट्या चिरून पाहिल्या. तेथें टॉर्पेडोच्या अंगांत सांपडतात तशाच चकत्यांच्या रांगा निघाल्या. समुद्रांतील कांहीं पाकटांच्या शेपटींतही तीच रचना दिसली. पण त्यांना हात लावला तर झटका बसेना. मग पंडितांनीं या इंद्रियांना नांव दिलें 'मिथ्या विद्युत्-इंद्रियें', म्हणजे खोटीं! रचना आहे, पण उपयोग नाहीं. शिकारीला मारतां येत नाहीं, शत्रूला हटवितां येत नाहीं, तेव्हां निसर्गानें हें अर्धवट काम कशासाठीं केलें?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हता. १८५९ सालीं डार्विननें आपला सुप्रसिद्ध ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हां आपल्या सिद्धान्तावरील आक्षेपांची त्यानें प्रामाणिकपणें यादी दिली. तींत माशांच्या वीज-इंद्रियांना त्यानें विशेष अडचण म्हणून नमूद केलें आहे. अडचण अशी. नैसर्गिक निवडीनें एखादें इंद्रिय घडावयाचें तर तें पायरीपायरीनें घडलें पाहिजे, आणि प्रत्येक पायरीवर धन्याला त्याचा कांहीं तरी लाभ झाला पाहिजे. सहाशें व्होल्टचा झटका उपयोगी, हें कोणीही कबूल करील. पण अर्ध्या व्होल्टचा काय कामाचा? त्यानें मुंगीही मरणार नाहीं. पहिली पायरीच जर निरुपयोगी, तर दुसरीवर पाय पडणार कसा? ही गांठ जवळजवळ शंभर वर्षें तशीच राहिली.

मध्यंतरीं एक खूण मिळाली होती. १९१७ सालीं अमेरिकेंत पार्कर व फान ह्यूसेन या दोघांनीं डोळे झांकलेल्या मिशाळ माशाजवळ पाण्यांत कांचेची कांडी नेली. मासा स्वस्थ राहिला. धातूची कांडी नेली, तर ती अंगाला लागण्यापूर्वींच त्याला तिची चाहूल लागली. धातु पाण्यांत बुडतांच अत्यंत क्षीण प्रवाह उत्पन्न होतात, त्यांचा हा परिणाम, असें त्यांनीं अनुमान केलें. पण माशाला विजेची जाणीव असण्याचें प्रयोजन काय, हें त्या काळीं कोणाला सुचलें नाहीं.

तें सुचलें हान्स लिसमान यांना. त्यांचा जन्म १९०९ सालीं आजच्या युक्रेनमधील निकोलायेव्ह शहरीं, जर्मन आईबापांच्या पोटीं झाला. आणि पुढें ते केंब्रिज येथें येऊन प्राण्यांच्या हालचालींचा अभ्यास करूं लागले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांतील मत्स्यालयांत त्यांची दृष्टि जिम्नार्कसवर पडली. हा मासा नाईल, नायजर, व्होल्टा इत्यादि नद्यांत राहतो आणि एक मीटरहूनही अधिक लांब वाढतो. त्याला शेपटीचा पर नाहीं, पोटाचा पर नाहीं. पाठीवर मात्र डोक्यापासून मागपर्यंत एकच लांब पर. इतर मासे अंग वळवून पोहतात. हा अंग काठीसारखें ताठ ठेवतो आणि केवळ त्या पराला लाटेसारखें हलवून पुढें सरकतो. लाट उलटी फिरविली कीं तितक्याच सफाईनें मागें जातो. लिसमान यांचें लक्ष वेधलें तें या मागें जाण्यानें. डोळे पुढें, आणि मासा मागें चाललेला. तरी वाटेंतील दगडाला, झुडुपाला किंवा टांकीच्या भिंतीला तो धडकत नाहीं. अरुंद फटींतही शेपूट अचूक शिरते. मग तो पाहतो कशानें?

लिसमान यांनीं टांकींत दोन तारा सोडल्या, त्यांतून येणारे क्षीण संकेत यंत्रानें वाढविले, आणि उत्तर मिळालें. माशाच्या शेपटींतून अखंड स्पंदनें येत होतीं, सेकंदाला सुमारें तीनशें. मासा पोहो वा स्थिर राहो, दिवस असो वा रात्र, तीं थांबत नव्हतीं. हीं स्पंदनें ध्वनिक्षेपकांतून सोडलीं तर एकसुरी गुणगुण ऐकूं येई. पुढें त्यांनीं या माशाच्या जाणिवेची परीक्षा घेतली. तांब्याच्या वांकविलेल्या तारेचीं दोन्ही टोंकें पाण्यांत बुडवितांच मासा चटकन् दूर पळे. कोणी टांकीजवळ उभें राहून केस विंचरले, तरी फणीवर जमलेल्या विजेची त्याला वर्दी लागे. हें पहिलें निवेदन 'नेचर' या नियतकालिकांत १९५१ सालीं आलें. 'मिथ्या' ठरविलेलें इंद्रिय खरें होतें. तें अहोरात्र आपलें काम करीत होतें.

तें काम कसें चालतें? कागदाखालीं लोहचुंबक धरून वर लोखंडाचा कीस पसरलेला ज्यांनीं शाळेंत पाहिला असेल, त्यांना हें समजण्यास कठीण नाहीं. कीस जसा दोन ध्रुवांमध्यें कमानी धरतो, तशाच कमानींनीं माशाचें डोकें आणि शेपटी यांच्या दरम्यान पाण्यांतून विजेचा प्रवाह वाहतो. भोंवतीं नुसतें पाणी असेल तर या कमानी सारख्या असतात. आतां त्यांत एखादा दगड आला. दगडांतून वीज सहज जात नाहीं, म्हणून प्रवाहरेषा त्याला वळसा घालून फांकतात, आणि माशाच्या कातडीवर त्या बाजूला प्रवाह कमी पोहोंचतो. जणूं तेथें सांवली पडते. उलट जवळ दुसरा मासा आला, तर त्याच्या क्षारयुक्त देहांतून वीज नदीच्या गोड्या पाण्यापेक्षां सुलभतेनें जाते. रेषा तिकडे गोळा होतात आणि कातडीवर उजळ ठिपका उमटतो. म्हणजे माशाची सबंध कातडी हाच त्याचा पडदा, आणि आसपासच्या वस्तूंचीं चित्रें त्यावर उमटतात. अंग ताठ ठेवण्याचें कारणही यांतच आहे. दिवा धरणाराच जर सारखा वांकूं लागला, तर हललेली सांवली वस्तूची कीं आपलीच, हें ठरविणें दुर्घट होईल. देह सरळ राहिला म्हणजे चित्र स्थिर राहतें.

वटवाघूळ किंचाळते आणि प्रतिध्वनि ऐकतें, हें आपण जाणतांच. या माशाचें तसें नाहीं. येथें कांहीं परत येण्याची वाट पाहावयाची नसते. वस्तु क्षेत्रांत आली कीं त्याच क्षणीं क्षेत्र बदलतें. मात्र याला मर्यादाही मोठी आहे. अंतर वाढलें कीं परिणाम झपाट्यानें क्षीण होतो. साधारणपणें स्वतःच्या लांबीइतक्या टापूंतच या माशाला नीट कळतें. दूरचा डोंगर त्याच्यासाठीं नाहीं; हाताच्या अंतरावरचें जग तेवढें त्याचें.

अनुमान कितीही सुंदर असलें तरी शास्त्राला साक्ष हवी. ती लिसमान आणि त्यांचे सहकारी केनेथ मेचिन यांनीं १९५८ सालीं दिली. त्यांनीं सच्छिद्र मातीचीं, दिसण्यांत अगदीं सारखीं भांडीं घेतलीं. अशा भांड्याची भिंत पाण्यानें भिजली म्हणजे तींतून वीज जाते, पण आंत काय आहे तें दिसत नाहीं. एकांत टांकींतलेंच पाणी भरलें, दुसऱ्यांत मेण किंवा कांच अशी वीज अडविणारी वस्तु ठेविली. पाण्याच्या भांड्याशीं गेल्यास खाणें, दुसऱ्याशीं गेल्यास हुसकावणी, असा क्रम ठेवून माशाला शिकविलें. मासा शिकला! आंतली वस्तु डोळ्यांनीं दिसत नव्हती, अंगाला लागत नव्हती, तरीही तो निवड करी. पाण्यानें भरलेल्या भांड्यांत दोन मिलिमीटर जाडीची कांचेची कांडी उभी केली, तर तेवढा फरकही त्याला उमगे. त्यांच्या हिशेबाप्रमाणें या माशाला कळणारा फरक सेंटिमीटरमागें एका व्होल्टाच्या दशलक्षांश भागाहूनही पुष्कळच लहान होता. हें सिद्ध झाल्यावर शंकेला जागा उरली नाहीं.

पुढें शोधांची रांगच लागली. १९६१ सालीं अमेरिकेंत बुलॉक व त्यांचे सहकारी यांनीं दक्षिण अमेरिकेंतील सुरीच्या पात्यासारख्या माशांच्या कातडींत वीज जाणणारीं सूक्ष्म इंद्रियें कार्य करतांना पकडलीं. इटलीच्या लॉरेंझिनीनें १६७८ सालीं टॉर्पेडो व मुशी यांच्या मुस्कटावरील लिबलिबीत पदार्थानें भरलेल्या नलिका वर्णिल्या होत्या. त्या कशासाठीं आहेत हें कळण्यास जवळजवळ तीनशें वर्षें लागलीं. १९७१ सालीं डच शास्त्रज्ञ काल्मेन यानें दाखविलें कीं, वाळूखालीं दडलेल्या चपट्या माशाच्या देहांतून सहज पाझरणारी वीज मुशीला या नलिकांनींच कळते. मुशी स्वतः वीज सोडीत नाहीं, ती केवळ दुसऱ्याची ऐकते. आपल्या नद्यांतील मागूर, शिंगटी यांच्या मिशाळ कुळालाही अशी ऐकण्याची शक्ति आहे. झटका देणारे पाकटाच्या जातीचे मासे कोंकणच्या समुद्रांतही आहेत. जिम्नार्कसचें कूळ मात्र आपल्याकडे नाहीं.

आतां रेडिओच्या श्रोत्यांना विशेष जवळची वाटेल अशी एक गोष्ट सांगतों. दोन केंद्रांच्या लहरी एकमेकींच्या फार जवळ आल्या म्हणजे आपल्या यंत्रांत खरखर होऊन कोणाचेंच धड ऐकूं येत नाहीं. असेंच दोन मासे जवळ आले आणि त्यांच्या स्पंदनांची संख्या जवळजवळ सारखी असली, तर दोघेही आंधळे व्हावयाचे. १९६३ सालीं वातानाबे व ताकेदा या जपानी शास्त्रज्ञांनीं पाहिलें कीं, अशा वेळीं मासा आपली स्पंदनसंख्या बदलतो. ज्याची किंचित् वर तो आणखी वर जातो, ज्याची खालीं तो आणखी खालीं. आणि दोघांचाही मार्ग मोकळा होतो. भांडण नाहीं, पंच नाहीं! वाल्टर हायलिगेनबर्ग यांनीं हा निर्णय माशाच्या कातडीपासून मेंदूंतील एकेका पेशीपर्यंत कसा होतो याचा माग काढण्यांत उमेदीचीं वर्षें घालविलीं. १९९४ सालच्या सप्टेंबरांत अमेरिकेंत पिट्सबर्गजवळ झालेल्या विमान-अपघातांत त्यांचा अंत झाला. त्यांनीं काढलेला माग मात्र मज्जाशास्त्राच्या अभ्यासांत आदर्श म्हणून राहिला आहे.

अंतर कसें कळतें, हें कोडेंही उरलें होतें. लहान वस्तु जवळ असली काय आणि मोठी दूर असली काय, सांवली सारखीच भासूं शकेल. १९९८ सालीं जर्मनींतील फॉन डेर एम्डे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मॉर्मिरसच्या कुळांतील, सोंडेसारखी हनुवटी असलेल्या एका माशावर प्रयोग करून उत्तर दिलें. मासा सांवलीचा आकारच नव्हे तर तिची कड पाहतो. वस्तु जवळ असली तर कड स्पष्ट, दूर असली तर पुसट. या कडेचा उतार व सांवलीचा गडदपणा यांचें प्रमाण त्याला अंतर सांगतें. या कामाची किंमतही त्याला द्यावी लागते. १९९६ सालच्या एका मापनाप्रमाणें त्याचें शरीर घेत असलेल्या प्राणवायूपैकीं सुमारें साठ टक्के एकटा मेंदूच खर्च करतो. माणसाचा मेंदू विश्रांतीच्या स्थितींत वीस टक्क्यांच्या आसपास घेतो.

आतां डार्विनच्या गांठीकडे वळूं. लिसमान यांनीं १९५८ च्या निबंधांत तिचा उलगडा सुचविला. प्रत्येक स्नायु हलतांना थोडी वीज निघतेच. ती वीज जाणण्याची शक्ति एकदां आली कीं, थोडा अधिक प्रवाह म्हणजे थोडें अधिक ज्ञान. अर्ध्या व्होल्टनें शत्रु मरत नसेल, पण रात्रीं वाट सांपडते. आणि ज्याला वाट सांपडते तो जगतो. मारण्याची शक्ति ही पुढची पायरी, जाणण्याची शक्ति ही आधींची. वीजबाम हें याचें चांगलें उदाहरण आहे. तिच्या एका जातींत आठशें साठ व्होल्टचा झटका मोजला गेल्याचें २०१९ सालीं प्रसिद्ध झालें. परंतु तीही शोध घेतांना मंद स्पंदनेंच वापरते, आणि तिचे सारे जवळचे नातलग मंद विजेचेच आहेत. शिवाय आफ्रिकेंतील व अमेरिकेंतील माशांनीं ही विद्या एकमेकांपासून स्वतंत्रपणें मिळविली आहे. एकाचा लांब पर पाठीवर, दुसऱ्याचा पोटाखालीं. पण ताठ देह आणि मागेंपुढें सारखी चाल दोहोंकडे एकच. गरज एक असली म्हणजे निसर्ग निरनिराळ्या वाटांनीं एकाच मुक्कामाला येतो, याचें याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

शेवटीं, उशीर कां झाला याचें उत्तर देतों. साधनें नव्हतीं हें खरें. मंद संकेत वाढविणारीं यंत्रें विसाव्या शतकांतच आलीं. पण तेवढेंच कारण नव्हे. पंडितांनीं माशाच्या विजेची परीक्षा आपल्या हातानें केली. हाताला झिणझिण्या आल्या तर वीज खरी, नाहीं आल्या तर खोटी! 'मिथ्या' हा शब्द एकदां पुस्तकांत शिरला कीं पुढच्यांची जिज्ञासाही मंदावते. ज्याला खोटें म्हटलें त्याचा उपयोग शोधावयास कोण जाणार? उपयोग त्या इंद्रियाला पहिल्यापासून होता. माप घेणारा मात्र स्वतःच्या गरजेनें माप घेत होता. आपल्याला ज्याचा उपयोग दिसत नाहीं तें निरुपयोगी, असें आपण वनस्पतींविषयीं, जनावरांविषयीं, आणि कित्येकदां वर्गांतल्या मागच्या बांकावरील मुलाविषयींही सहज म्हणून जातों. तसें म्हणण्यापूर्वीं हा उलटा पोहणारा मासा आठवावा. त्याच्याकडे फक्त एक पावलभर टापूचा उजेड आहे; पण तो त्याचा स्वतःचा आहे, आणि तेवढ्यावर तो कोठेंही न ठेंचाळतां आपली वाट काढतो.